थर्माकोलचा देवमासा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सांगायची वेळ दरवर्षी मे महिन्यात यायची. अल्बम निघायचा, नातीच्या पाचव्या वाढदिवसाचे फोटो हातोहात फिरायचे, कुणीतरी म्हणायचं, "आजोबांनी काय देवमासा केला होता त्या वर्षी," आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो. परवा नातीचा फोन आला. तिला आता स्वतःची मुलगी आहे. "आजोबा, हिच्या वाढदिवसाला तसाच देवमासा करून द्याल का? तुमच्याच हातचा हवा." मी म्हणालो, माझे हात कापतात गं आता. खरं तर हात तितके कापत नाहीत. फोन ठेवल्यावर वाटलं, या घरात फोनवर खोटं बोलायची सवय माझीच, आणि तिची सुरुवात कुठे झाली ते एकदा लिहून टाकावं. जिला सांगायला हवं होतं ती आता नाही. तरी लिहितो.

मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत नोकरी केली आणि तिथेच निवृत्त झालो. कचेरीत मला कुणी फारसं विचारत नसे. पण गणपतीत आमच्या घरचं मखर बघायला अख्खी आळी यायची. बॅटरीच्या एलिमिनेटरला तार जोडून मी थर्माकोल कापायचं कटर घरीच बनवलं होतं. तार तापली की लोण्यात सुरी जावी तसं थर्माकोल कापलं जायचं. खांब, कमानी, जाळ्या, एक वर्ष तर देऊळच्या देऊळ. शेजारी एक चित्रकलेचे निवृत्त मास्तर राहायचे. ते दरवर्षी यायचे, हात पाठीशी बांधून मखरासमोर उभे राहायचे आणि जाता जाता एक खोट काढून जायचे. "कमान डावीकडे वाईच कलली आहे." ती कललेली असायचीच. पुढचं वर्षभर मला ती कमान दिसायची.

नात पाच वर्षांची होणार होती, ती दोन हजार साल उलटल्यानंतरच्या एका वर्षी. मुलगा-सून मुंबईला. वाढदिवस मे महिन्यातला, म्हणून तो दरवेळी इकडेच व्हायचा. पाटावर बसवून औक्षण, शिरा नाहीतर शेवयांची खीर, संध्याकाळी आळीतल्या पोरांना वेफर आणि सरबत. त्या वर्षी सुनेचा आधीच फोन आला. त्यांच्या सोसायटीत एका मुलाच्या वाढदिवसाला सगळं जंगल केलं होतं. केकवर वाघ, पोरांच्या तोंडाला माकडांचे मुखवटे. "त्याला थीम म्हणतात, बाबा. आता हिलाही तसंच हवंय. हिला समुद्र हवा, पण पाण्याखालचा. थोडक्यात करू. भिंतीला चार मासे चिकटवले तरी खूश होईल."

ती खरंच चार माशांत खूश झाली असती. मला चार मासे पुरणार नव्हते.

मी ठरवलं, पडवीच्या दारात देवमाशाचं तोंड करायचं. दाराएवढं. जबडा उघडा, वर-खाली दात, आणि पोरांनी त्या तोंडातून आत शिरायचं. आत सगळं पाण्याखालचं जग. छताला मांडववाल्याकडची निळी जाळी, तिला झिलेटिनच्या कागदाचे मासे टांगलेले, कोपऱ्यात जुन्या मोज्यांत कापूस भरून केलेला आठ हातांचा प्राणी. पोरांच्या डोक्याला साटिनच्या कल्ल्यांच्या टोप्या. टोप्या शिवायचं काम बायकोकडे.

मास्तर कुंपणावरून बघत होते. "काय चाललंय?"

"नातीचा वाढदिवस. समुद्र करतोय."

"समुद्र घरात कशाला आणताय? मांडवीला न्या की पोरांना. तिथे तयार आहे."

बायको हसत हसत मशीनवरून म्हणाली, "मीही हेच म्हटलं होतं हो मास्तर. पण मांडवीच्या समुद्राला ह्यांचं नाव नाही ना लागायचं."

तिला माझ्यातलं सगळंच कळायचं.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं मूळ घर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी मुलगा-सुनेबरोबर तिथेच राहायच्या. माझी बायको लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा अगदीच पोरसवदा होती. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असतं, पण तिला पाठवायला माहेरी कुणी नव्हतं. ते बाळंतपण वहिनींनी केलं. बाळ हाती लागलं नाही. त्यानंतरचे महिना दीड महिना बायको कुणाशी बोलत नव्हती, माझ्याशी तर नाहीच. वहिनी तिला रोज परसात घेऊन बसायच्या, केस विंचरायच्या आणि बोलायच्या मात्र शेजारणींच्या भांडणांबद्दल. एक दिवस तिथून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. तो मी ओटीवर बसून ऐकला. पुढे माझी बदली रत्नागिरीला झाली, आम्ही इथे घर केलं, पण दर आठवड्याला फोन ठरलेला. फोन लागला की वहिनींचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू यायचा. "अगो, जेवलीस काय?"

त्या मे महिन्यात वहिनींची तब्येत उतरलेली होती. पायांना सूज, जेवण कमी. पुतण्या फोनवर म्हणाला, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. बायको म्हणाली, "मी दोन दिवस जाऊन येते."

मी टोप्यांकडे बघितलं. निम्म्या झाल्या होत्या. "आता मध्येच कुठे जातेस? वाढदिवस उरकला की दोघंही जाऊ. चार दिवस राहू."

"वहिनींचा आवाज बरा नव्हता हो."

"वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी. शब्द देतो."

ती पुन्हा मशीनवर बसली. रात्रीच्या फोनवर तिने वहिनींना देवमाशाबद्दल सांगितलं. दारातून माणूस आत जाईल एवढं तोंड आहे, म्हणाली. वहिनींचं उत्तर तिने मला हसत सांगितलं. "वहिनी म्हणतात, मला त्या तोंडातून आत जाऊन बाहेर यायचंय, पण पाय देत नाहीत. मग त्याचा एक दात तरी आण म्हणाल्या, बघायला."

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी पडवीत देवमाशाचा डोळा चिकटवत होतो. मुलगा एस.टी. स्टँडवर गेला होता. वहिनी डबा पाठवत असल्याचा निरोप आदल्या संध्याकाळीच आला होता. गावात मुक्कामाला येणारी गाडी पहाटे परत निघते. त्या गाडीच्या कंडक्टरकडे रात्रीच डबा देऊन ठेवायचा आणि इथे कुणीतरी उतरवून घ्यायचा, अशी आमची जुनी पद्धत. सून नातीला न्हाऊ घालत होती. बायको मागच्या पडवीत नारळ खवत होती. खवणीचा आवाज मला इथवर येत होता.

फोन वाजला. माझ्या हातांना डिंक होता. मी रिसीव्हर मनगट आणि कान यांच्यात धरला.

"काका, आई गेली." पुतण्याचा आवाज. "पहाटे. गाडी गाव सोडून गेली आणि थोड्या वेळाने."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही.

"काका, तुमच्याकडे आज काय आहे ते माहितीये मला. पण आम्ही थांबतो. काकूंना तिचं तोंड बघू दे. काल दिवसभर काकूंचंच चाललं होतं तिचं. सांदणं करायला लावली हिच्याकडून, स्वतः पाटावर बसून सांगत होती. तुम्ही गाडी करून या. तुम्ही येईपर्यंत काही हलवत नाही."

खवणीचा आवाज चालू होता. समोर देवमाशाला एकच डोळा होता. दुसरा माझ्या हाताला चिकटला होता.

आमच्याकडे सख्ख्या भावजयीचं सुतक दहा दिवस. औक्षण नाही, गोडधोड नाही, देवाची पूजा नाही. म्हणजे वाढदिवस नाही. हे सगळं माझ्या डोक्यात फोन कानाशी असतानाच आलं. वहिनी गेल्याचं दुःख मागून आलं. आधी देवमासा आला, मग आळी, मग मास्तर. आज संध्याकाळी ते येणार होते.

मी म्हणालो, "अरे, तुझ्या काकूला दोन दिवस ताप आहे. तिला प्रवास झेपायचा नाही. तू थांबू नकोस. उन्हाचे दिवस आहेत, उगाच कशाला ठेवतोस. उरकून घे."

तो म्हणाला, "फार आहे का ताप?"

"आहे थोडा. अंगात त्राण नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बघतो कसं जमतं ते. तू उरकून घे."

भाऊ गेल्यापासून घरातला मोठा मी. मी उरकून घे म्हटल्यावर पुतण्या काय बोलणार? "बरं, काका," म्हणाला आणि फोन ठेवला. रिसीव्हरला डिंकाचे डाग पडले. ते मी धोतराच्या सोग्याने पुसून काढले.

बायको आतून म्हणाली, "कुणाचा हो फोन?"

"मांडववाला. खुर्च्या संध्याकाळी आणतो म्हणाला."

यापुढचं जे लिहितो आहे त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सुतक ऐकल्यापासून लागतं असं आमच्याकडे मानतात. मी मनाशी हिशेब केला की ऐकलंय फक्त मी. म्हणजे सुतक मला एकट्याला. बाकीच्यांच्या कानावर गेलेलं नाही, तेव्हा त्यांना औक्षणाचा दोष नाही. मी पाठ धरल्याचं सांगितलं आणि मुलगा स्टँडवरून आल्यावर त्याला म्हणालो, "आज देवांची पूजा तू कर." त्या दिवशी मी देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. फुलांच्या परडीला हात लावला नाही. औक्षणाच्या वेळी बायको म्हणाली, "अहो, अक्षता टाका ना नातीच्या डोक्यावर." मी म्हणालो, "हात चिकट आहेत." असा मी काटेकोर होतो. देवाचं मी काही बुडवलं नाही.

मुलाने डबा आणला होता. पितळी कडीचा, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. बायकोने गाठ सोडली. आत सांदणं होती, फणसाच्या रसात तांदळाची कणी भिजवून वाफवलेली, पिवळीधमक. तिने एक मोडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

"मीठ जरा पुढे गेलंय," म्हणाली. "वहिनींचा हात हल्ली थरथरतो." मग मला एक दिलं. "घ्या. उद्या मला त्यांना सांगायचंय तुम्ही काय म्हणालात ते."

मी खाल्लं.

संध्याकाळी पोरं आली. कल्ल्यांच्या टोप्या घालून एकेक जण देवमाशाच्या तोंडातून आत शिरत होता. आत गेलं की पुन्हा बाहेर येऊन पुन्हा शिरायचं. एक लहान मुलगा दातांना भिऊन रडला, त्याला आईने कडेवर घेऊन आत नेलं. नात सगळ्यांना सांगत होती, "माझ्या आजोबांनी केलाय, त्याला हात नाही लावायचा, तो ओला आहे." पडवीत एवढा गलका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आळीतले मोठेही आले. बायका साड्या सांभाळत वाकून तोंडातून आत आल्या आणि हसत सुटल्या.

मास्तर आले. हात पाठीशी बांधून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, एक पाऊल मागे गेले, पुन्हा बघितलं.

"छान आहे," म्हणाले.

एवढंच. या वेळी खोट नाही. इतकी वर्षं मी त्या शब्दांची वाट बघत होतो. ते आत गेले आणि बायकोने त्यांच्या हातात सांदणाची बशी दिली. "थोरल्या वहिनींनी पाठवलीत, मास्तर. त्यांच्या हातची चव कुणाला नाही." मास्तरांनी मला मान हलवून विचारलं, बरी आहे ना त्यांची तब्येत? मी मान हलवली. होय म्हणून की कशी, ते मलाही माहीत नाही.

त्याच वेळी मुलाने तो फोटो काढला, ज्याची पुढे सगळ्यांनी वाहवा केली. बायको देवमाशाच्या तोंडातून बाहेर येते आहे, एका हातात सांदणाचं ताट, दुसऱ्या हाताने डोक्याची टोपी सावरते आहे. सुनेने तिलाही कल्ल्यांची टोपी घातली होती. ती मोकळेपणी हसते आहे. तो फोटो काढला तेव्हा गावाला वहिनींचं सगळं उरकलेलं होतं.

केक कापून झाल्यावर तिने वहिनींचा डबा घासून पुसून ठेवला. त्यात केकचा एक तुकडा, निळ्या मलईची लाट असलेला. आणि कात्री घेऊन पडवीत आली, देवमाशाचा सगळ्यात मागचा, कुणाला दिसणार नाही असा एक दात कापून घेतला आणि तोही कागदात गुंडाळून डब्यात ठेवला.

"उद्या पहिल्या गाडीने निघायचं ना? शब्द दिलाय तुम्ही."

मी म्हणालो, "पाहुणे जाऊ देत आधी."

पाहुणे गेले. दिवेलागणीला ती पडवीत केरसुणीने थर्माकोलचे गोळे गोळा करत होती. ते केरसुणीला चिकटतात आणि पुन्हा उडतात. मी दाराशी उभा राहिलो.

"गावाहून फोन आला होता. वहिनी गेल्या."

केरसुणी थांबली. "कधी?"

"पहाटे."

"पहाटे गेल्या आणि आत्ता कळवलं?"

"लाइन मिळत नव्हती म्हणे दिवसभर."

ती खाली बसली, त्या गोळ्यांतच. मग म्हणाली, "म्हणजे झालं सगळं."

"हो."

"मला बघायला मिळालं नाही."

काय झालं ते कळताच सून धावत आली आणि बायकोजवळ बसली. आतून नात विचारत होती, आजी का रडते. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिने डबा उघडला, केक आणि तो दात काढून ठेवला, डबा परत धुतला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा तो डबा तिच्या मांडीवर होता, फडक्यात बांधलेला, रिकामा. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. वाटेत एका दुकानाशी गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, साखर तरी घेऊ का त्यात घालायला? तिने मान हलवली, नको म्हणून. सुतकात कसली साखर.

गावच्या घरी ओटीवर माणसं बसली होती. पुतण्या उठून पुढे आला. त्याने तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, डबा हातात घेतला आणि विचारलं,

"काकू, ताप उतरला का? एवढं अंगात त्राण नव्हतं तर आज कशाला आलात?"

मी त्याच्या मागे उभा होतो. मला वाटलं, आता संपलं. ती एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे तिने मान वळवलीच नाही.

"उतरला रे," म्हणाली. "आता बरी आहे."

"आम्ही थांबणार होतो तुमच्यासाठी. पण काका म्हणाले..."

"बरोबर म्हणाले. मला आलं नसतं."

एवढं बोलून ती आत बायकांत गेली. आत कुणीतरी म्हणालं, "शेवटी तुझंच नाव होतं गो तोंडात." आणि मग तिचं रडणं ऐकू आलं. त्या घरात ते रडणं मी आधी एकदा ऐकलेलं होतं, बाळ गेलं तेव्हा. या वेळी तिला परसात घेऊन बसणारं कुणी नव्हतं.

ती तेरावं होईपर्यंत तिथेच राहिली. मी दोन दिवसांनी परत आलो. मुलगा-सून सुट्टी संपवून गेले. देवमासा मी एकट्याने मोडला. थर्माकोल जाळलं की काळा धूर येतो आणि घसा धरतो. मागच्या आवारात खड्डा खणून पुरलं. खाली जांभा लागतो, फार खोल जाता आलं नाही. पुढची काही वर्षं पाऊस झाला की कुठेतरी पांढरं टोक वर यायचं. गणपतीला मी पुन्हा थर्माकोलचं मखर केलं नाही. लोकांना सांगितलं, डोळे साथ देत नाहीत. मास्तरांनीही दोन-तीनदा विचारलं आणि मग सोडून दिलं.

ती परत आली. मी तयारीत होतो. मला वाटलं होतं ती विचारेल, भांडेल, महिनाभर बोलणार नाही. तसलं काही झालं नाही. ती आली, चहा टाकला, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. सगळं होतं तसं चालू झालं. मी रोज मनाशी म्हणायचो, आज सांगतो. माझ्या मनात वाक्यं तयार होती. पण त्या वाक्यांत "नातीसाठी" हा शब्द यायचा आणि मी अडायचो. नातीसाठी नव्हतंच ते. नातीला चार मासे पुरले असते.

पावसाळा सरत आल्यावर एका सकाळी मी पूजा करत होतो. ती देवघराच्या दाराशी फुलं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही देवाला हात लावला नव्हतात."

माझ्या हातात घंटा होती.

"पाठ धरलीय म्हणालात. पण संध्याकाळी शिडीवर चढून जाळी बांधत होतात." तिने परडी माझ्याकडे सरकवली. "देवाचं तेवढं सांभाळलंत."

ती उठून गेली. या विषयावर उभ्या आयुष्यात ती माझ्याशी एवढंच बोलली. मी उठून तिच्या मागे जायला हवं होतं. मी पूजा पुरी केली.

एक बदल मात्र झाला, आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. त्यानंतर आमच्या घरातला फोन नेहमी तिनेच उचलला. हाताला पीठ असो, तेलात पुरी असो, फोन वाजला की हातातलं टाकून ती जायची. मी फोनच्या शेजारी पेपर वाचत बसलेलो असलो तरी ती स्वयंपाकघरातून यायची आणि माझ्या समोरून हात घालून रिसीव्हर उचलायची. मुलगा एकदा म्हणाला, "आई, बाबा बसलेत ना तिथेच." ती म्हणाली, "त्यांना ऐकू कमी येतं." मला उत्तम ऐकू येत होतं. पुढे मलाही सवय झाली. फोन वाजला की मी हात मांडीखाली घ्यायचो.

असं कितीतरी वर्षं चाललं. बाकी तिने माझं काही कमी केलं नाही, हे मला लिहिलं पाहिजे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती हॉस्पिटलात जमिनीवर झोपली. माझ्या खोड्या काढायची, आळीत माझ्या गोष्टी सांगून हसवायची. अल्बम निघाला की तो फोटो तीही बघायची आणि म्हणायची, "काय तरी टोपी घातली होती मला." मग पान उलटायची.

शेवटच्या आजारात तिची खाट माजघरात आणली, फोनच्या भिंतीशी. तोवर सगळ्यांकडे मोबाइल आले होते. जुना फोन अधूनमधूनच वाजायचा. वाजला की ती उठायचा प्रयत्न करायची आणि मुंबईहून आलेली सून तिला दाबून धरायची. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. फोन वाजला. तिने कोपरावर जोर दिला, मग सोडला. माझ्याकडे बघून म्हणाली,

"उचला तुम्ही."

मी उचलला. पलीकडे एक माणूस सिलिंडरची गाडी कधी येणार ते विचारत होता. मी सांगितलं, नंबर चुकलाय.

"कुणाचा होता?"

"राँग नंबर. सिलिंडरचं विचारत होता कुणीतरी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "खरंच?"

"खरंच गं."

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. हात चादरीच्या बाहेर होता. मी स्टूल ओढून जवळ बसलो आणि तो हात धरला. या वेळी वाक्यात नातीचा शब्द नव्हता. सगळं नीट जुळलेलं होतं, छोटं होतं, एका दमात सांगता आलं असतं. तिला सगळं माहीत होतं, तरी ते माझ्या तोंडून तिच्या कानावर जायला हवं होतं. मी तोंड उघडलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "काय हो?" आणि मी म्हणालो, "पाणी देऊ का थोडं?"

तिने दोन घोट घेतले. त्यानंतर ती फारशी शुद्धीवर आली नाही.

मला म्हणायचं होतं ते असं. अगं, त्या दिवशी फोन सकाळीच आला होता. तू नारळ खवत होतीस. ते तुझ्यासाठी थांबायला तयार होते. तुला वहिनींचं तोंड बघायला मिळालं असतं. मीच नको म्हणालो, एका देवमाशापायी. चुकलं माझं. मला माफ कर.